ताप कुणाचा, पेरणी कुणाची

दर वर्षी मे महिना आला की एक फॉरवर्ड येतो. तुम्हालाही आला असेल. मजकूर थोडाफार बदलतो, पण गाभा तोच. पावशा नावाचा एक पक्षी आहे, तो पावसाच्या तोंडावर ओरडतो. आपल्या शेतकऱ्याला त्याच्या आवाजात 'पेरते व्हा, पेरते व्हा' ऐकू आलं आणि इंग्रजाला त्याच आवाजात 'ब्रेन फीव्हर, ब्रेन फीव्हर' ऐकू आलं. खाली हात जोडलेले दोन इमोजी आणि निष्कर्ष: जशी ज्याची संस्कृती, तसे त्याचे कान. आपल्याला सृजन ऐकू येतं, त्यांना रोग.

तीन वर्षांपूर्वी मी हा फॉरवर्ड आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला. बत्तीस जणांचा ग्रुप. धडाधड अंगठे आले, एका काकांनी 'अभिमान आहे' असं लिहिलं. रात्री नऊच्या सुमारास आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, व्हॉइस मेसेज आला. सहा सेकंदांचा. "चांगलंय. पण पेरतंय कोण रं तुमच्यातलं?"

बत्तीस जणांत पेरणारे एकटे आबाच होते. पारनेर तालुक्यात आमची सहा एकर कोरडवाहू जमीन आहे. बाजरी, मूग, आणि पाऊस बरा झाला तर रब्बीची ज्वारी. बाकी आम्ही एकतीस जण पुणे, नाशिक, ठाणे आणि एक जण दुबई.

हा लेख म्हणजे आबांच्या त्या प्रश्नाला उशिरा दिलेलं उत्तर. आणि आधीच सांगून टाकतो, मी त्यात त्या बदनाम इंग्रजी नावाची बाजू घेणार आहे.

*

आधी पक्षी नीट पाहू. पावशा साधारण कबुतराएवढा. वरून राखाडी, खालून पांढुरका, पोटावर तपकिरी आडव्या रेघा, शेपटीवर पट्टे. दुरून पाहिलात तर शिक्राच वाटेल. उडतोही शिक्र्यासारखा: चार-दोनदा पंख मारायचे आणि मग तरंगत जायचं. बारके पक्षी त्याला बघून खरंच घाबरतात. स्वभाव मात्र कोकिळेच्या खानदानाचा. स्वतःचं घरटं बांधायचं नाही, अंडी सातभाईंच्या घरट्यात घालायची. सातभाईंची अंडी निळी, म्हणून याचीही निळी. पिल्लू वाढवायचं काम सातभाईंकडे.

हिवाळाभर तो गप्प असतो, त्यामुळे तो इथे नाहीच असं वाटतं. ऊन तापायला लागलं की नर ओरडू लागतो. तीन ठोक्यांची एक हाक. ती पाच-सहा वेळा, दर खेपेला आधीच्यापेक्षा वरच्या पट्टीत. शेवटी आवाज किंचाळण्यापर्यंत चढतो आणि एकदम तुटतो. जरा शांतता. मग पुन्हा पहिल्यापासून. दिवसा, तिन्हीसांजेला, आणि चांदणं असेल तर रात्रभर.

आता नाव. या पक्ष्याचं आजचं अधिकृत इंग्रजी नाव 'कॉमन हॉक-ककू'. 'ब्रेनफीव्हर बर्ड' हे त्याचं दुसरं नाव, भारतात राहिलेल्या इंग्रजांनी ठेवलेलं. हा पक्षी इंग्लंडात नाही, तेव्हा हे नावही तिथलं नाही. ते इथल्या उन्हात जन्मलेलं इंग्रजी आहे. सालिम अलींच्या 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स'मध्ये ही दोन्ही नावं सापडतात. आज दुसरं नाव दुर्मीळ झालंय. जुन्या आठवणींच्या पुस्तकांत, जाड शब्दकोशांत आणि पिकल्या केसांच्या पक्षीनिरीक्षकांच्या बोलण्यात ते उरलंय. आय. ॲलन सीली यांनी २००३ साली आपल्या एका कादंबरीला हे नाव दिलं, तेवढाच त्याचा अलीकडचा मोठा मान.

या नावात दोन अर्थ एकमेकांच्या खांद्यावर बसलेत. पहिला सरळ: हा पक्षी 'ब्रेन फीव्हर' असं म्हणतो. दुसरा तिरका: हा पक्षी ऐकणाऱ्याला ब्रेन फीव्हर आणतो. पहिला अर्थ कानाचा, दुसरा डोक्याचा. पहिला पक्ष्याबद्दल सांगतो, दुसरा ऐकणाऱ्याबद्दल. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने दोन्हींचा मिळून एकच अर्थ केला: साहेबाला रोग दिसला.

पण कोणता रोग? आपण 'ब्रेन फीव्हर' वाचतो आणि मनात 'मेंदूज्वर' असं भाषांतर करतो. म्हणजे दवाखाना, सलाइन, डासांची फवारणी. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजीत या शब्दाचा पसारा याहून बराच मोठा होता. अतिश्रम, मोठा धक्का, अपमान, प्रेमभंग, झोप न लागणं यांतून माणूस खचायचा, ताप चढायचा, बडबडायला लागायचा, त्या सगळ्याला ब्रेन फीव्हर म्हणत. त्या काळच्या कथा-कादंबऱ्या या तापाने भरलेल्या आहेत. 'वदरिंग हाइट्‌स'मधली कॅथरिन त्याने आजारी पडते. शेरलॉक होम्सच्या 'द नेव्हल ट्रीटी' या १८९३ च्या कथेत एका सरकारी कारकुनाच्या टेबलावरून महत्त्वाचा कागद चोरीला जातो आणि तो बिचारा नऊ आठवडे ब्रेन फीव्हरने अंथरुणाला खिळतो. आजच्या भाषेत सांगायचं तर त्या शब्दात संसर्ग, उष्माघात, बर्नआउट आणि नैराश्य हे सगळं एका पोत्यात भरलेलं होतं.

त्यात भारतातल्या इंग्रजाला उन्हाची वेगळीच धास्ती. इथलं ऊन टाळूतून मेंदूत शिरतं, यावर त्याचा ठाम विश्वास. म्हणून ती सोला टोपी. म्हणून उन्हाळ्यात मुंबई सरकारनं बाडबिस्तरा उचलून महाबळेश्वर गाठायचं. ज्यांना डोंगर परवडत नव्हता किंवा रजा मिळत नव्हती ते खाली मैदानात, एप्रिल-मेच्या रात्री कूस बदलत पडलेले. घर सात समुद्रांपलीकडे, बायकामुलं बहुतेक तिकडेच. आणि झाडावर कुणीतरी चढत्या पट्टीत, श्वास कोंडेपर्यंत, तीन ठोक्यांत काहीतरी सांगतंय. त्या माणसाला त्या रात्री ज्याची सगळ्यात जास्त भीती वाटत होती, तेच त्याला ऐकू आलं.

मार्क ट्वेन १८९६ साली भारतात फिरला. त्याच्या 'फॉलोइंग द इक्वेटर' या १८९७ च्या पुस्तकात या पक्ष्याची खास त्याच्या पद्धतीची थट्टा आहे. असले काही पक्षी आपण अमेरिकेला घेऊन जाणार आहोत, असं तो गमतीत सांगतो. पाहुणा होता, त्याला हसता आलं. जो वीस वर्षांसाठी नेमणुकीवर आला होता, त्याला तेवढं सोपं नव्हतं.

*

आता फॉरवर्डचं मुख्य म्हणणं तपासू: आपल्याला जीवन ऐकू येतं, परक्याला रोग.

तसं असेल तर बंगाली माणसाचं काय करायचं? बंगालीत हाच पक्षी 'चोख गेलो' म्हणतो. म्हणजे डोळा गेला. मे महिन्याच्या रात्री कुणीतरी झाडावरून 'डोळा गेला, डोळा गेला' म्हणून कळवळतंय, असं बंगाल्याला ऐकू आलं. हेही दुखणंच. मग बंगाली माणूस परका, की त्याची संस्कृती रोगट? हिंदीत तो पपीहा, आणि म्हणतो 'पी कहाँ'. प्रियकर कुठे आहे? विरह. तिथे पेरणी नाही आणि तापही नाही; पण झोप तिथेही नाहीच.

हे चारही शब्द जरा मोठ्याने म्हणून बघा. पेर्-ते-व्हा. ब्रेन्-फी-व्हर. चोख्-गे-लो. पी-क-हाँ. सगळे तीन ठोक्यांचे. सगळे चढत्या आवाजात म्हणता येतात. पक्ष्याने साचा दिला, माल ज्याचा त्याने ओतला. जो पावसाकडे डोळे लावून बसला होता त्याने पेरणी ओतली. जो कुणाची तरी वाट बघत होता त्याने विरह ओतला. जो आजारी पडायला घाबरत होता त्याने ताप ओतला. यात श्रेष्ठ-कनिष्ठ काय आहे? कान सगळ्यांचे सारखेच प्रामाणिक होते.

आणि जिथे दोघांचा अनुभव एकच होता, तिथे नावही एकच पडलं, हे फॉरवर्डवाले कधी सांगत नाहीत. दुपारी उन्हात 'टुक् टुक् टुक्' करणारा तो हिरवा, लाल कपाळाचा पक्षी. मराठीत तांबट, इंग्रजीत 'कॉपरस्मिथ'. दोन्हींचा अर्थ तांब्याची भांडी घडवणारा. पुण्याच्या तांबट आळीत हातोड्या कशा पडतात हे मराठी कानाने ऐकलं होतं. साहेबानेही बाजारातून जाताना असलेच ठोके ऐकले असणार. दोघांनाही झाडावर तोच कारागीर सापडला. तिथे संस्कृती आड आली नाही.

'पेरते व्हा' बद्दलही एक गोष्ट सांगतो. फॉरवर्डात ते फार गोड, आर्जवी आमंत्रण म्हणून येतं. पण मराठीत ही रचना कशी वापरतात? 'चालते व्हा.' आठवतं का शेवटचं कधी आणि कुणाकडून ऐकलं होतं? 'पेरते व्हा' म्हणजे उठा आणि कामाला लागा. तो मुकादमाचा आवाज आहे. ज्याच्या डोक्यावर काम आहे त्यालाच असा आवाज ऐकू येतो. यात सौंदर्य नाही असं मी म्हणत नाही. पण ते खांद्यावर तिफण असलेल्या माणसाचं आहे, त्याचा फोटो शेअर करणाऱ्याचं नाही.

*

इथवर वाचून कुणाला वाटेल, हा साहेबाचा वकील झाला. नाही झालो.

त्या रात्री साहेबाच्या खोलीत छताला एक लांबलचक कापडी पंखा टांगलेला होता. त्याची दोरी भिंतीतल्या भोकातून व्हरांड्यात गेलेली. व्हरांड्यात एक माणूस बसलेला, ती दोरी रात्रभर ओढणारा. साहेबाला निदान कूस बदलायची मुभा होती. याला डुलकी लागली तर शिवी, प्रसंगी लाथ. तोच पावशा तोही ऐकत होता. त्याला काय ऐकू आलं?

कुठेही लिहिलेलं नाही. साहेबाला जे ऐकू आलं ते छापलं गेलं, शब्दकोशात गेलं, कादंबरीचं शीर्षक झालं. पंखा ओढणाऱ्याला जे ऐकू आलं ते त्याच्याबरोबर गेलं. 'ब्रेनफीव्हर' या नावावर माझा आक्षेप असेल तर तो इथे आहे. साहेबाने चुकीचं ऐकलं असं नाही. त्या व्हरांड्यात दोघे जागे होते आणि छापखाना एकाकडेच होता, हा तो आक्षेप.

आणि म्हणूनच ते नाव पुसून टाकू नये असं मला वाटतं. ते पुसलं तर तो झोप उडालेला साहेब जाईल, आणि साहेबाबरोबर व्हरांड्यातल्या माणसाची उरलीसुरली जागाही जाईल. ते नाव आहे म्हणून तर आपण विचारतो, की बाहेर कोण बसलं होतं?

*

या वादातला दुसरा पक्ष फॉरवर्डवाल्यांपेक्षा जास्त शिकलेला आहे. त्याच्याशी गाठ पडली ती एका रविवारी सकाळी, पुण्याजवळच्या एका टेकडीवर, पक्षी बघायला जमलेल्या घोळक्यात. पावशा ओरडला. मी सहज म्हटलं, "ब्रेनफीव्हर." एका मुलाने फोन वर केला, अ‍ॅपने आवाज ओळखला, पडद्यावर नाव उमटलं आणि मला समज मिळाली. "सर, ते नाव आता वापरत नाहीत. कॉलोनियल आहे. कॉमन हॉक-ककू म्हणा."

मी म्हटलं, "पावशा म्हटलं तर?"

तो म्हणाला, "लोकल नेम चालेल, पण लिस्टमध्ये स्टँडर्ड नावच टाका."

मुलगा चांगला होता. दुर्बीण मला त्यानेच दिली, पक्षीही त्यानेच दाखवला. पण त्याने सुचवलेलं नाव बघा. 'कॉमन' म्हणजे नेहमीचा. 'हॉक' म्हणजे ससाण्यासारखा दिसणारा. 'ककू' म्हणजे कोकिळेच्या घराण्यातला. तीन शब्द झाले आणि या पक्ष्याने जन्मभर जी एकच गोष्ट जिवाच्या आकांताने केली, तिचा त्यात मागमूस नाही. हा पक्षी हजारांनी ऐकला असेल तर पाहिला एखाद्याने. दाट पानांत बसून ओरडणाऱ्याला नाव दिलं ते त्याच्या रंगरूपावरून! आणि 'कॉमन' कुणाला? यादी करणाऱ्याला. रात्री अंथरुणावर ऐकणाऱ्याला तो कधीच कॉमन वाटलेला नाही.

शिवाय वसाहतीचा आरोप लावायचाच तर सरसकट लावा. 'कॉमन हॉक-ककू' हे नाव काही पारनेरच्या ग्रामसभेने मंजूर केलेलं नाही. तेही इंग्रजीच, तेही तिकडच्याच पद्धतीने घडवलेलं. फरक एवढाच, की 'ब्रेनफीव्हर' म्हणणाऱ्याने निदान इथे बसून घाम गाळला होता. दुसऱ्या नावाला घामाचा वास नाही, म्हणून ते आपल्याला निर्दोष वाटतं.

प्रमाण नाव हवं, हे मला मान्य आहे. तामिळनाडूतला माणूस आणि आसामातला माणूस एकाच पक्ष्याबद्दल बोलतायत हे कळायला हवं. पण त्या कामासाठी शास्त्रीय नाव आहेच की: 'हायरोकॉक्सिक्स व्हेरियस'. ग्रीक ससाणा, ग्रीक कोकीळ, आणि लॅटिनमध्ये 'चितकबरा'. १७९७ साली मार्टिन व्हालने त्याचं वर्णन केलं तेव्हापासून 'व्हेरियस' त्याला चिकटलंय. ते आपलं काम चोख करतं. यादीला शिस्त हवी तर ती तिथे लावा. लोकांच्या तोंडच्या नावांवर पोलीस कशाला?

काही नावं बदलायलाच हवीत, हेही मान्य. उत्तर अमेरिकेतल्या एका बदकाचं इंग्रजी नाव 'ओल्डस्क्वॉ' होतं. त्यातला 'स्क्वॉ' हा तिथल्या मूळ रहिवासी स्त्रियांसाठी वापरला जाणारा हलका शब्द. २००० साली ते नाव गेलं आणि 'लाँग-टेल्ड डक' आलं. बरं झालं. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकन ऑर्निथॉलॉजिकल सोसायटीने, माणसांच्या नावांवरून पडलेली आपल्याकडची पक्ष्यांची इंग्रजी नावं बदलणार असल्याचं जाहीर केलं. त्यावरही वाद घालता येईल, पण त्यामागची कळकळ समजते. एखाद्या नावाने जिवंत माणसांना ठेच लागत असेल तर नाव हलवा. 'ब्रेनफीव्हर'ने कुणाला ठेच लागते? पक्ष्याला? तो अजून वाचायला शिकलेला नाही.

ऐकण्यावरून पडलेल्या नावाची कसोटी सोपी आहे. ते नाव उच्चारलं की पक्षी ओळखता येतो का? 'कॉमन हॉक-ककू' शंभर वेळा घोकून रात्री गच्चीवर जा, काही उपयोग नाही. 'ब्रेनफीव्हर' किंवा 'पेरते व्हा' एकदा ऐकून जा. पावशा ओरडला की तुम्ही आपोआप म्हणाल, अरे, हाच तो. टिटवीचंही तसंच. मराठीत ती 'टिटिव टिटिव', इंग्रजांना 'डिड ही डू इट?' असं विचारणारी. ज्या नावात आवाज शिल्लक आहे ते नाव अ‍ॅपशिवायही चालतं, रेंज नसली तरी चालतं.

*

आता खरा धोका. माझं फॉरवर्डवाल्यांशी भांडण नुसतं भाषेचं असतं तर मी गप्प बसलो असतो.

गेल्या काही वर्षांत त्या फॉरवर्डला शेपूट फुटलंय. 'पावशा ओरडला की ठरावीक दिवसांत पाऊस पडतोच. आपल्या पूर्वजांना हवामान खात्याची गरज नव्हती.' दिवसांचा आकडा फॉरवर्डागणिक बदलतो.

पावशा पावसाचा अंदाज सांगत नाही. तो मादीला बोलावतो आणि दुसऱ्या नरांना बजावतो. सातभाईंच्या विणीच्या काळाशी त्याला आपली वीण जुळवायची असते, कारण घरटं त्यांचं वापरायचंय. तो काळ उन्हाळ्यात सुरू होतो, म्हणून हा उन्हाळ्यात ओरडतो. मी त्याला मार्चमध्ये ऐकलंय. मार्चपासून रोज 'आला, आला' म्हणणाऱ्याचं जूनमध्ये एक दिवस खरं ठरणारच. पावसाबरोबर येणारा पक्षी वेगळा: चातक. काळा-पांढरा, डोक्यावर तुरा, पावसाळ्याच्या सुमारास आफ्रिकेकडून येणारा. पावशा बहुतांशी इथलाच राहणारा. फॉरवर्डात कित्येकदा नाव पावशाचं, फोटो चातकाचा आणि आवाजाची क्लिप कोकिळेची असते.

हे हसण्यावारी नेता आलं असतं, पण पेरणी ही हसण्याची गोष्ट नाही. बियाणं, खत, ट्रॅक्टरचं भाडं, सगळं पहिल्या पेरणीत जातं. नंतर पावसाने दडी मारली की दुबार पेरणी, आणि तिला पैसा पुन्हा उसना. कृषी खातं दर वर्षी कंठशोष करून सांगतं, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. एका जूनमध्ये आबांनीही दुबार पेरणी केली. पावशाचं ऐकून नव्हे. टीव्हीवरच्या 'येत्या अठ्ठेचाळीस तासांत'चं ऐकून. त्यानंतर ते कुणाचंच ऐकत नाहीत. खुरपं घेऊन वावरात जातात, चार ठिकाणी उकरतात, ओल किती खोल गेलीय ते बोटाने बघतात. खाली कोरडं लागलं की घरी येऊन चहा पितात.

मी एकदा त्यांना विचारलं, "मग 'पेरते व्हा'चं काय?"

"ते तो आपल्याला कुठं सांगतोय? त्याच्या बायकोला सांगतोय," आबा म्हणाले.

जुन्या शेतकऱ्याने या हाकेत पेरणी ऐकली, ती अंदाज म्हणून नाही. कामाची आठवण म्हणून. नांगरट झाली का, बियाणं आणलं का, तिफण दुरुस्त केली का. आपण त्याची स्वतःशी चाललेली ही बोलणी उचलली आणि त्यांचा हवामान अहवाल करून टाकला. साहेबाला ताप ऐकू आला म्हणून साहेब मूर्ख, आणि आम्हाला पाऊस ऐकू आला म्हणून आम्ही शास्त्रज्ञ! दोघांनीही स्वतःला ऐकलं होतं. साहेबाने निदान त्यावरून औषध ठरवलं नाही.

*

शेवटी मी कुठे उभा आहे ते सांगतो, कारण दुसऱ्यांच्या कानांबद्दल बोलताना स्वतःचे लपवणं बरं नव्हे.

गेल्या मे महिन्यात रात्रीचे पावणेतीन वाजले होते. आमचा क्लायंट ज्या देशात आहे तिथे तेव्हा संध्याकाळ असते. सलग चौथी रात्र. लॅपटॉप मांडीवर तापलेला, पंखा पाचवर, खिडकी उघडी. शेजारच्या सोसायटीतल्या आंब्यावर तो सुरू झाला. पहिली हाक, दुसरी, तिसरी, वर वर चढत. मी 'पेरते व्हा' ऐकायचा प्रयत्न केला. आपलं नाव, आपली माती, वगैरे. नाही आलं ऐकू. स्पष्ट, खणखणीत, डोक्याच्या मागच्या बाजूला ठोके पडावेत तसं 'ब्रेन फीव्हर' ऐकू आलं.

त्या रात्री मला कळलं, मी त्या खोलीतला साहेब आहे. माझी जमीन मी पेरत नाही. माझं काम दुसऱ्या देशातल्या घड्याळावर चालतं. माझा पंखा विजेवर फिरतो एवढाच काय तो फरक. ते नाव माझ्यासाठीच राखून ठेवलं होतं म्हणायचं. 'पेरते व्हा' माझ्या भाषेतलं आहे, पण ते मला वाचून माहीत आहे. 'ब्रेनफीव्हर' परक्या भाषेतलं, ते मी ऐकलंय.

सकाळी आबांना फोन केला. त्यांच्याकडेही तो ओरडत होता. मी विचारलं, "आबा, खरं सांगा, तुम्हाला काय ऐकू येतं?"

ते जरा थांबले. म्हणाले, "लहानपणी 'पेरते व्हा' यायचं ऐकू. आजी सांगायची ना तसं. पण आता तो सुरू होतो मार्चएंडला. सोसायटीचं पीककर्ज भरायची तारीख असती. मला आपलं 'कर्ज भरा, कर्ज भरा' असंच वाटतंय बघ."

कर्-ज-भरा. म्हणून बघा. ठोक्यात चपखल बसतं.

हे कुठल्या यादीत नाही, कुठल्या कोशात नाही, कुठलं अ‍ॅप ते दाखवणार नाही. मारुती चितमपल्लींसारखा माणूस रानोमाळ हिंडला, लोकांच्या तोंडची नावं त्याने वेचली, म्हणून आपल्याकडे 'पक्षिकोश' आहे. ते काम संपलेलं नाही, कारण ऐकणारे बदलतात, आणि त्यांच्या भीतीही. 'ब्रेनफीव्हर' जपून ठेवा. 'पेरते व्हा'ही ठेवा, पण ते पेरणाऱ्याचं म्हणून ठेवा. स्वतःच्या छातीवर बिल्ला म्हणून लावू नका. आणि स्वतःला जे ऐकू येतं ते गाव, महिना आणि वेळ टाकून लिहून ठेवा. व्हरांड्यातल्या माणसाकडे छापखाना नव्हता. तुमच्या हातात फोन आहे.

यंदा मे महिन्यात तो फॉरवर्ड ग्रुपवर पुन्हा आला, या वेळी दुबईहून. मी त्याखाली आबांचं 'कर्ज भरा' लिहून टाकलं. अंगठे कमी आले. काकांनी काहीच लिहिलं नाही. रात्री उशिरा नाशिकच्या चुलत बहिणीचा वेगळा मेसेज आला: "दादा, हा पक्षी आमच्याकडे पण असतो का रे?"

मी लिहिलं, असतो. खिडकी उघडी ठेव.